अनुमोदक रूपाबाई

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकही माणूस नाही. नगरपालिकेचं वरच्या मजल्यावरचं सभागृह. घोड्याच्या नालेसारखी मांडलेली टेबलं, त्यांवर हिरवं कापड, कापडावर मागच्या सभेतल्या चहाचे गोल डाग. भिंतीवर माजी अध्यक्षांच्या तसबिरी ओळीनं टांगलेल्या. पहिल्या दोघांच्या डोक्यावर रुमी टोपी, पुढच्यांच्या डोक्यावर पांढरी, शेवटचे बोडके. पंखा एकच, आणि त्याचा वारा लागतो तो फक्त अध्यक्षांच्या उंच खुर्चीला. खाली रस्त्यावर कनेरगाव नाक्याकडं जाणारी जीप शिटा भरतेय. "वाशीम, वाशीम, वाशीम!" ही हाक वरपर्यंत येते.

मग जिन्यावर पावलं वाजतात. सभा दोनची, घड्याळात पावणेदोन. या नाटकात वेळेआधी येणारं पात्र एकच. रूपाबाई उत्तमसिंग आडे, वय बावन्न, सदस्य वॉर्ड क्रमांक नऊ, करोडगिरी मोहल्ला. हातावर कोपरापर्यंत हिरवं गोंदण, कपाळावर ओढलेला पदर, अंगाला म्हशीच्या दुधाचा वास. देवळात शिरावं तशी ती चपला दाराबाहेर काढते आणि डाव्या हाताच्या अगदी शेवटच्या खुर्चीच्या टोकावर बसते. साल अठ्ठ्याण्णव. पाऊणशे माणसं मावतील अशा त्या दालनात ती एकटी, आणि समोर रिकाम्या खुर्च्यांचा प्रेक्षकवर्ग.

रूपाबाई मूळची साखऱ्याकडच्या एका बंजारा तांड्यावरची. नवरा उत्तमसिंग नगरपालिकेच्या रोडरोलरवर ड्रायव्हर लागला म्हणून ती गावात आली. मोहल्ल्याचं नाव करोडगिरी, कारण निजामाच्या काळी तिथं वेशीवर नाका होता, येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर कर घ्यायचा. राज्य गेलं, नाका पडला, चार भिंतींचा ढिगारा आणि नाव तेवढं उरलं. उत्तमसिंग गमतीनं म्हणायचा, "आपल्या पणज्याचे मालाचे बैल ह्याच नाक्यावर अडवत व्हते. आता मी त्याच रस्त्यावर रोलर फिरवून राहिलो. वसुली झाली बराबर!" गमत्या माणूस. ब्याण्णव साली एका दुपारी रोलरच्या सावलीला जेवायला बसला तो उठलाच नाही. एकुलती लेक संगिता पुसदकडं दिलेली. रूपाबाईजवळ राहिल्या दोन म्हशी, मागचा गोठा, आणि दूध घालायची बावीस दारं.

ही बाई नगरपालिकेत गेली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. शहाण्णवच्या निवडणुकीत वॉर्ड बाईसाठी राखीव निघाला. मोहल्ल्यातला प्रत्येक कर्ता पुरुष आपल्या बायकोचं नाव पुढं करू लागला. पारावर बैठक बसली, भांडण जुंपलं. तेव्हा शेजारची गोजरबाई उभी राहिली. गोजरबाई पुसेगावच्या शेतकरी घरातली, अंगानं सडपातळ आणि जिभेनं भरदार.

"तुमच्यातल्या कुण्या एकाची बायको उभी केली तं खुर्चीवर तिचा नवराच बसंल," ती म्हणाली. "रूपीला नवराच न्हाई. तिलाच करा उभी."

सगळे हसले. रूपाबाईही हसली. विधवापण कधी कामाला येईल असं तिला वाटलं नव्हतं.

निवडणुकीत तिनं एकच वचन दिलं, तेही गोजरबाईनं पढवलेलं. मोहल्ल्यातल्या बाया पिढ्यान् पिढ्या जिनिंग मिलच्या मागच्या रानात जायच्या. मिल बंद पडली, रानाचे प्लॉट पडले, तारेचं कुंपण आलं. आता बायांना पहाटे उजाडायच्या आत हमरस्त्याच्या कडेला बसावं लागे, आणि ट्रकचा उजेड आला की उभं राहावं लागे. एका पहाटे असंच झटकन उठताना गोजरबाईची सून मंजुषा घसरून पडली. सातवा महिना होता. मूल वाचलं, पण त्या दिवसापासून गोजरबाईनं धोशा लावला: नाक्याच्या पडक्या जागेवर बायांसाठी संडास झालाच पाहिजे. दारोदार फिरताना रूपाबाई दुसरं काही बोललीच नाही. "नाक्याच्या जागेवर संडास. माझा शबुद हाय." बायांनी तिला भरभरून मतं दिली. निकालाच्या दिवशी गोजरबाईनं तिला गुलालात असं घोळवलं की दोन दिवस म्हशींनी तिला जवळ येऊ दिलं नाही.

आता त्या दुपारच्या सभेकडं येऊ. दोन वाजून गेले, सदस्य आले, चहा आला. नगराध्यक्ष व्यंकटराव उंच खुर्चीत बसले. जुन्या घरंदाजीतला माणूस, आवाज गोड, मनगटावर घड्याळ, आणि नजर सदा त्या घड्याळावर. शेजारी सभेचे लिपिक वैजनाथ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पेन. वैजनाथ विषय वाचायचे ते एका सुरात, आगगाडी पुलावरून जावी तसे.

"विषय क्रमांक सात. वॉर्ड नऊमधील करोडगिरी नाक्याच्या मोकळ्या जागेवर व्यापारी गाळे बांधणे."

रूपाबाईनं कान टवकारले. नाक्याची जागा! तिनं पदर आणखी पुढं ओढला, ओठ मिटले आणि मान खाली घालून गप्प बसली. अगदी दगडासारखी.

इथं तांड्याची एक रीत सांगितली पाहिजे. त्यांच्या तांड्यात नायक बैठकीला बसला आणि एखादी गोष्ट मांडली, की ज्याला पटली तो मोठ्यानं "हाव" म्हणायचा. ज्याला पटली नाही तो गप्प बसायचा. नायकाच्या तोंडावर नाही म्हणणं हा उर्मटपणा. आणि एक जरी माणूस गप्प असला, तरी नायक उठत नसे. "तू काहून बोलंना रं?" असं विचारून, तंबाखू देऊन, त्याच्या पोटातलं काढूनच बैठक मोडायची. रूपाबाईच्या बापानं एकदा विहिरीच्या वादात दोन दिवस मौन धरलं होतं, आणि दोन दिवस नायक समोर बसून होता. त्यामुळं रूपाबाई गप्प बसली ती पूर्ण जोर लावून. तिच्या लेखी तो आक्रोश होता. आता अध्यक्ष विचारतील, मग सांगू.

"मंजूर?" वैजनाथांनी विचारलं. पेनानं टेबलावर एक टिचकी. "मंजूर. विषय क्रमांक आठ."

कुणी विचारलं नाही. सभा संपली तेव्हा रूपाबाईला वाटलं, विषय राहिला असेल पुढच्या खेपेला. आपण गप्प होतो ना.

तीन आठवड्यांनी नाक्याच्या जागेवर खडीचे ढीग पडले. मंजुषा बारावी शिकलेली. ती नगरपालिकेत जाऊन ठरावाची नक्कल घेऊन आली आणि पाराशी जमलेल्या बायांसमोर वाचू लागली. रूपाबाई दुधाची किटली घेऊन तिथंच उभी होती.

"ठराव सर्वानुमते मंजूर," मंजुषा वाचत होती. "सूचक..." कुणाचं तरी नाव. मग ती थांबली.

"वाच की," गोजरबाई म्हणाली.

"अनुमोदक, श्रीमती रूपाबाई उत्तमसिंग आडे."

"अनुमोदक म्हंजी काय गं?"

"म्हणजे... पाठिंबा देणारी. हिनंच व्हय म्हणलं, असं."

गोजरबाईनं रूपाबाईकडं पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बाईच्या शिव्या रूपाबाईला तोंडपाठ होत्या. पण ती एवढंच म्हणाली, "नवरा न्हाई म्हणून पाठवली व्हती. तू तं बिननवऱ्याची बी इकल्या गेली."

"गोजराक्का, म्या तोंड उघडलं न्हाई. गळ्याची आण."

"तेच तं केलंस ना," गोजरबाई म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून मोहल्ल्याची वागणूक बदलली. दूध कुणी बंद केलं नाही, चांगलं दूध होतं. पण पूर्वी रूपाबाई दारात गेली की "आली का गं, बस, च्या घे" व्हायचं, तिथं आता उंबऱ्यावर रिकामं पातेलं ठेवलेलं असे. तिनं माप घालावं आणि जावं. आतून बांगड्यांचा आवाज यायचा, कुजबूज यायची, माणूस यायचं नाही. बावीस दारं, बावीस पातेली. महिनाभरात तिला कळलं की आपण दिवसभरात फक्त म्हशींशी बोलतो.

ती वैजनाथांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"बाबू, म्या कवा व्हय म्हणलं?"

वैजनाथांनी चष्मा काढला. "बाई, तुमी न्हाई कुठं म्हणलात?"

"म्या गप व्हते!"

"मग? इथं गप बसलं की मंजूर."

"आमच्या तांड्यात गप बसलं की नायक जाग्यावरून उठत न्हाई."

"इथल्या नायकाला पाचच्या आत घरी जायचं असतं," वैजनाथ म्हणाले. माणूस वाईट नव्हता, हसलाही नाही. "अन् अनुमोदक म्हणून कुणाचं तरी नाव लागतं. ज्याचा वॉर्ड, त्याचं लिहायची रीतच पडली आहे. मला काय ठाऊक तुमच्या मनात काय ते."

दोन रिती. दोन्ही जुन्या, दोन्ही आपापल्या जागी खऱ्या. त्यांच्या मधल्या फटीत एक बाई पडली.

व्यंकटरावांकडं गेली तर ते गोड बोलले. "रूपाबाई, झालेला ठराव उकरून काढता येत नाही. जाऊ द्या. गाळ्यांमुळं तुमच्याच वॉर्डाची शोभा वाढंल."

मग तिनं एक ठरवलं. पुढच्या सभेत वैजनाथांनी पहिला विषय वाचला, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, आणि टिचकी मारायच्या आत डाव्या टोकाकडून आवाज आला, "न्हाई!"

सगळ्यांनी माना वळवल्या. "काय न्हाई, बाई?"

"माझं न्हाई लिवा."

दुसऱ्या विषयाला न्हाई. तिसऱ्याला न्हाई. पाणीपट्टी, दिवाबत्ती, नाल्याचा गाळ, सगळ्याला न्हाई. रंगभूमीवर एकदा टाळी चुकलेला नट जसा पुढचं प्रत्येक वाक्य ओरडून बोलतो, तसं तिचं झालं होतं. कुठं गप्प राहू आणि तेवढ्यात कोण काय लिहील, ही भीती. आणि एका सभेत तर कहर झाला. एक वृद्ध माजी सदस्य वारले होते. वैजनाथांनी दुखवट्याचा ठराव वाचला, सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहायला उठले, आणि त्या स्तब्धतेत रूपाबाई खणखणीत आवाजात म्हणाली, "न्हाई!"

समोरच्या टेबलावरचे एक सदस्य तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळाले. व्यंकटराव म्हणाले, "अहो, माणूस मेलाय. त्यालाही तुमचा विरोध?"

रूपाबाईचे डोळे भरून आले. "चुकी माफ करा, मालक. मला वाटलं, समदे गप झाले, आता मंजूर कराल."

त्या दिवसापासून गावात तिचं नाव पडलं, न्हाईबाई. वाणी म्हणायचा, पोस्टमन म्हणायचा, सभेचा शिपाई चहाचा कप पुढं करून म्हणायचा, "न्हाईबाई, च्या घेता का न्हाई?" ती चहा घ्यायची. तेवढंच कुणीतरी बोलायचं.

नाक्यावर गाळे उभे राहिले. नव्व्याण्णवात जिल्हा वेगळा झाला, गावात मिरवणूक निघाली, गाळ्यांवर तोरणं लागली. बाया मात्र पहाटे हमरस्त्यालाच जात होत्या. पहाटे धार काढताना रूपाबाईला गल्लीतून जाणाऱ्या त्यांच्या बांगड्यांची किणकिण ऐकू यायची. आणि ट्रकचा लांबलेला हॉर्न ऐकला, की आता त्या उभ्या राहिल्या असतील, हे तिला गोठ्यात बसून कळायचं. आचळावरचा तिचा हातही तेवढा वेळ थांबायचा.

दोन हजार एकच्या सुरुवातीला, तिची मुदत संपायला थोडे महिने असताना, ती वैजनाथांकडं गेली. आता वैजनाथ प्रत्येक सभेनंतर तिला इतिवृत्त वाचून दाखवत. सुरुवातीला कंटाळत, नंतर स्वतःहून खुर्ची पुढं सरकवत.

"बाबू, गावठाणात संडासाला जागा न्हाई म्हणतात ना? माझा गोठा लिवून घ्या."

"गोठा? अन् म्हशी?"

"पुसेगावचं गिऱ्हाईक येऊन गेलं."

"बाई, खाणार काय?"

"संगिता धाडती थोडंबहुत. एका पोटाला कितीक लागतंय?"

बक्षीसपत्र झालं. विषय सभेपुढं आला. क्रमांक चार, वॉर्ड नऊमध्ये श्रीमती आडे यांनी दिलेल्या जागेवर महिलांसाठी शौचालय बांधणे. व्यंकटरावांनी घड्याळ पाहिलं आणि हसत म्हणाले, "ह्याला तरी न्हाई म्हणू नका, बाई. मंजूर!"

वैजनाथांचं पेन हललं नाही.

"लिहा की हो," व्यंकटराव म्हणाले.

"साहेब, बाई अजून काही बोलल्या नाहीत."

"त्यांचीच जागा आहे ती!"

"असू द्या. बोलल्याबिगर मी लिहीत नाही."

सभागृह थांबलं. पंख्याची घरघर तेवढी. रूपाबाई मान खाली घालून बसली होती. त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढं ठराव नव्हता; पुसेगावच्या वाटेवर मागं वळून रेकणारी धाकटी म्हैस होती. बराच वेळ गेला. कुणी खोकलं नाही, कुणी हसलं नाही.

"व्हय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण अनुमोदक गोजरबाईचं नाव लिवा."

"त्या सदस्य नाहीत, बाई."

"मंग कोरं ठेवा."

"कोरं ठेवता येत नाही."

"लिवा मंग माझंच," रूपाबाई म्हणाली.

संडास झाला. सहा खोल्या, वर सिमेंटचे पत्रे, दार लावायला आतून कडी. नळाला पाणी क्वचित, म्हणून बाया घरून टमरेल भरून नेत. वॉर्ड पुढच्या निवडणुकीत खुला झाला, तिथं दुसरंच कुणी निवडून आलं, आणि रूपाबाई घरी बसली. दिवसभरात एकदा तरी, सकाळी नाहीतर संध्याकाळी, मोहल्ल्यातली प्रत्येक बाई तिच्या दारावरून जायची. वाटच ती एक.

तिला वाटलं होतं, आता बोलतील.

पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. हातात टमरेल असलं की बाईमाणूस कुणाशी बोलत नाही. नमस्कार नाही, ओळख नाही, नजरेला नजर नाही. समोरून सख्खी बहीण आली तरी मान वळवायची. ती आबरू आहे, अदब आहे. त्यामुळं बाया तिच्या ओट्यासमोरून पदर सावरत, भिंतीकडं बघत, भराभर जात. जातानाही तशाच, येतानाही तशाच. राग केव्हाच निवला होता. मंजुषानं तर पोराच्या वाढदिवसाला शिऱ्याची वाटी धाडली होती, पोरीच्या हातानं. पण आता बावीस दारांशी जायला दूध नव्हतं, आणि जी दारापर्यंत येई तिला बोलण्याची मुभा नव्हती. रूपाबाई ओट्यावर बसून पावलं ओळखायची. ही मंजुषा. ही तिची जाऊ. ही गोजरबाई, डावा पाय जरा ओढते हल्ली. पावलं येत, पावलं जात. अशी पाच वर्षं.

दोन हजार सहाच्या थंडीत तिच्या छातीत पाणी झालं. संगिता नवऱ्याला घेऊन आली. "याडी, चल आता. इथं कोण हाय तुझं?" सकाळीच टेम्पो दारात लागला. एक खाट, एक पेटी, पत्र्याचे चार डबे. तिला उचलून पुढं ड्रायव्हरजवळ बसवलं, अंगावर गोधडी पांघरली. वैजनाथ निवृत्त झाले होते, तरी सायकलवर येऊन गेले; उभे राहिले, चष्मा पुसला.

नेमकी तेव्हा गल्लीच्या टोकाहून गोजरबाई येत होती. डावा पाय ओढत, डोक्यावर पदर, हातात पाण्यानं भरलेलं टमरेल. रीतीप्रमाणं तिनं मान भिंतीकडं वळवली. दोन पावलं पुढं गेली. मग टेम्पो दिसला, खाट दिसली, गोधडीतला चेहरा दिसला.

आठ वर्षांत पहिल्यांदा ती थांबली. टमरेल हातात तसंच. पाणी हिंदकळून पायावर सांडलं.

"रूपे," ती म्हणाली. "रूपे, चालली का गं?"

गल्लीतल्या दोन बाया लाजून आत वळल्या. हातात टमरेल घेऊन म्हातारी भर रस्त्यात बोलतेय! ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. गोजरबाई खिडकीला धरून उभी राहिली. आता ती रडत होती, आणि काय काय सांगू पाहत होती, सगळं एकदम.

टेम्पो पुसदला पोचण्याआधीच, वाटेत, रूपाबाई गेली. संगिता सांगते, सगळ्या प्रवासात ती पुन्हा बोलली नाही. जे बोलायचं ते तिनं त्या खिडकीतच बोलून घेतलं होतं. गोजरबाईच्या हातातल्या टमरेलाकडं तिनं पाहिलं, मग तिच्या तोंडाकडं पाहिलं, आणि जुन्या दिवसांत चहाला बसताना हसायची तशी किंचित हसून म्हणाली,

"आधी जाऊन ये, आक्का. मंग निवांत बोलू."